पंचविसाला एक

माय,

काल एका बाईनं मला तुझ्याबद्दल विचारलं. आपण कुणाबद्दल विचारतोय हे तिला माहीत नव्हतं, मला मात्र होतं. मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो. आधीच सांगून टाकलं तर बाकीचं लिहायला हात उचलणार नाही. तू होतीस तेव्हा मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं असं माझ्याकडे काही नव्हतं. आता तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. वाचायची अडचण तुझ्याकडून होतीच, आता पाठवायची माझ्याकडून झाली, म्हणजे आपली फिट्टंफाट.

परभणीतलं माझं दुकान अजून चालू आहे. पूर्वी फवाऱ्याचे पंप यायचे, आता निम्म्याहून जास्त गवत कापायची मशीनं येतात. ज्याला त्याला ते हवं असतं, कुणाला बांधासाठी, कुणाला मोसंबीच्या बागेसाठी, कुणाला नुसतं शेजाऱ्यानं घेतलं म्हणून. आणतात आणि म्हणतात, चालूच होईना. मी टाकीचं झाकण उघडून आधी हुंगतो. मागच्या हंगामाचं पेट्रोल तसंच पडून राहिलं असेल तर त्याला एक जड, आंबूस वास सुटतो. ते ओतून टाकलं की अर्धं काम झालं. मग प्लग काढतो. ओला असेल तर पेट्रोल जास्त चाललंय, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही, काळा चिकट असेल तर तेलाचं माप चुकलंय. मग हवेची जाळी साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घालतो. दहातल्या आठ मशीनना एवढंच लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या हाताला गुण आहे. गुण हाताला नाही, नाकाला आहे, आणि ही हुंगायची सवय मला तुझ्यापायी लागली.

आपल्या शिवाराला लागून असलेल्या सरकारी फार्मवर पहिलं मशीन आलं ती वर्षं विद्यापीठाच्या नावाचं भांडण चालू होतं तेव्हाची. मी आयटीआय करून तिथं हंगामी मेकॅनिक म्हणून लागलो होतो. तू माझ्या आधीपासून तिथं होतीस, बांधावरचं गवत कापणाऱ्या बायकांत. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचा, घरी तू, मी आणि तुझ्या चार शेळ्या. परदेशी मदतीतून एक लाकडी खोकं आलं, त्यात ते मशीन. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला चकती आणि चकतीतून बाहेर आलेली नायलॉनची दोरी. तुम्ही साऱ्याजणी विळे कमरेला खोचून बघायला आला होतात. मी सगळ्यांना सांगतोय, ह्या दोरीनं गवत कापतात. तुमच्यातली एक म्हातारी मावशी पदर तोंडाला लावून हसतेय. तू मात्र हसत नाहीस. दोरीला हात लावून बघतेस आणि म्हणतेस, "दोरीनं ढोर बांधतेत. दोरीनं गवत कसं कापंल रं?"

मग मी ते चालू करून दाखवलं. दोर ओढला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन धरलं आणि असा काही आवाज सुटला की फार्मवरची कुत्री पळाली. मावशी म्हणाली, "अगं बया, भुंगा हाय न्हवं ह्यो!" त्या दिवसापासून त्याचं नाव भुंगा. साहेबाच्या रजिस्टरात इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं, पण स्टोअरवाला सुद्धा भुंगाच म्हणायला लागला. तिकडे एका नावासाठी इतकी वर्षं चालली होती आणि इकडे मावशीनं एका दमात नाव पाडून टाकलं, असं मी तुला घरी म्हणालो होतो. तू म्हणालीस, "भुंग्याला काय जातंय, त्याला कुणी न्हाई म्हनलं न्हाई." मी तेव्हा नुसता हसलो होतो.

दहा मिनिटांत मी तुमचं सकाळभराचं काम उरकलं. फार खुशीत होतो. तू पुढं आलीस, पडलेलं गवत मुठीत घेतलंस, बोटांनी चुरलंस. "ह्याची तर चटनी झाली," म्हणालीस. "हे शेरडू खाईल व्हय?" मला तेव्हा ते गिऱ्हाईकानं उगाच खोड काढावी तसं वाटलं. खरी गोष्ट अशी होती की फार्मवर एक जुना रिवाज होता. कापणाऱ्या बाईनं संध्याकाळी घरी जाताना एक भारा गवत डोक्यावर न्यायचं, त्याला कुणी विचारायचं नाही. तुझ्या चार शेळ्या त्या भाऱ्यावर जगायच्या. विळ्यानं कापलेलं गवत लांब, सरळ, पेंढी बांधता येईल असं. भुंग्याच्या दोरीनं झोडपलेल्या गवताचा लगदा व्हायचा, संध्याकाळपर्यंत त्याला वास सुटायचा. म्हणजे भुंगा चालला की बायकांचं काम जाणार होतं आणि शेळ्यांचा चाराही. हे तुम्हा सगळ्यांना पहिल्या दिवशीच कळलं. मला कळायला वेळ लागला, कारण भुंगा चालला तर मला कायम करायचं साहेबाच्या मनात होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडं.

तुझी मोजायची एक रीत होती. आकडे वीसपर्यंत यायचे, पुढं गोंधळ. म्हणून तू काड्या ठेवायचीस. दिवसभरात जेवढ्या पेंढ्या बांधल्या तेवढ्या गवताच्या काड्या कमरेला खोचायच्या, पाच झाल्या की त्यांची एक जुडी, वर एक गाठ. संध्याकाळी मुकादम म्हणायचा अमुक झाल्या, तू जुड्या काढून पुढं ठेवायचीस आणि तो गुपचूप आकडा दुरुस्त करायचा. तुझ्या काड्या कधी चुकल्या नाहीत.

भुंग्याचं कौतुक मी घरीही आणायचो. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस, मी पाटावर बसून हात करून सांगतोय. "ह्या इंजिनाला तेल येगळं न्हाई लागत माय, पेट्रोलातच मिसळायचं. पंचवीस माप पेट्रोल, एक माप तेल. पंचविसाला एक." तू विचारतेस, "कामून?" मी म्हणतो, पेट्रोल पोटाला, तेल सांध्यांना, नुसत्या पेट्रोलवर पळवलं तर आतलं सगळं घासून जळतं. तू भाकरी उलटवतेस. "म्हंजी कोरड्या भाकरीसंगं तेल-चटनी लागती, तसं." तसंच, मी म्हणालो. तू फळीवरची बरणी काढून माझ्या ताटातल्या चटणीवर तेलाची धार धरलीस. आपल्याच करडईचं तेल, राणीसावरगावच्या घाण्यावरून काढून आणलेलं, वर्षाला तेवढंच. स्वतःच्या ताटात तू ते कधी घेतलेलं मला आठवत नाही.

मोठे साहेब भुंगा बघायला येणार असं ठरलं आणि नेमकं आमच्याकडचं तेल संपलं. परभणीहून डबा यायचा होता, तर तिकडे विद्यापीठाच्या नावावरून बंद. दोन दिवस एसटी नाही, दुकानं नाहीत. गाडीखान्यातलं तेल ट्रॅक्टरचं, जाड. ते चालत नाही असं मी छातीठोकपणे सांगून बसलेलो, त्यामुळे ते मागायची सोय नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आदल्या संध्याकाळी मी वाढलेलं ताट बाजूला सारलं. तुला म्हणालो, "तेल न्हाई मिळालं तर मशीन जळंल, आन मशीन जळालं तर माझं काम गेलंच समज." तू म्हणालीस, "तेलच पायजे का त्येला?" मी वैतागून म्हणालो, "मंग काय पानी घालू?" तू उठून चूल सारवायला घेतलीस. फार्मवरची माझी मशीनची खोली रोज झाडून रांजण भरायचं काम तुझ्याकडंच होतं, सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन.

सकाळी मी पोचलो तर कॅन भरलेला. पिवळसर मिसळलेलं पेट्रोल, झाकण घट्ट लावलेलं. मला वाटलं स्टोअरवाल्यानं कुठून तरी सोय केली. कुणी केलं, कशी केली, विचारलं नाही. हुंगलं नाही. माय, मेकॅनिकनं हुंगल्याशिवाय टाकीत काही ओतायचं नसतं, ही सगळी चूक तिथं झाली आणि ती माझी होती. मोठे साहेब आले, सोबत चार लोक. भुंगा दोन ओढीत चालू झाला. मी बांधावरून झोकात निघालो आणि थोड्या वेळानं मागून हसण्याचा आवाज आला. धूर पांढरा सुटला होता आणि त्याला भज्यांचा वास येत होता. स्वच्छ, कढईतल्या भज्यांचा. मोठे साहेब म्हणाले, "भजी तर तळायलेत, चहा कुठाय?" सगळे खो खो हसले. मीही हसलो, काय करणार. अर्धा तास तो तसा चालला, मग आवाज बारीक झाला, फुसफुसला आणि बंद पडला. मी दोर ओढतोय, ओढतोय, तळहाताला फोड आला. मोठे साहेब घड्याळ बघून आमच्या साहेबाला म्हणाले, "राहू द्या. बायकाच लावा."

लोक गेल्यावर मी कार्बोरेटर उघडला. आत घाण्याच्या तेलाचा गाळ बसलेला, बारीक भोक पार बुजलेलं. बोट लावून नाकाशी नेलं आणि आपली फळी, ती बरणी, चटणीवरची धार, सगळं एकदम समोर आलं. आपल्या घरचं तेल मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. मी तसाच बांधावर आलो. तुम्ही सगळ्या कामाला लागला होतात, विळे चालू होते. मी सगळ्यांसमोर ओरडलो. "शेरडांसाठी लेकाच्या पोटावर पाय दिलास! भुंगा बंद पडला म्हंजी तुझं गवत तुला राहिलं, न्हाई का?" आणखीही बोललो, ते इथं लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेल. मावशी मधे पडली, "आरं, माय हाय तुझी," म्हणून. तू उभी राहिलीस. विळा हातातच होता. माझ्याकडं न बघता तू एवढंच म्हणालीस, "माप तर बरूबर व्हतं." मला वाटलं तू मला खिजवतेयस, केलं ते मोजून-मापून केलं असं सांगतेयस. मी थुंकून निघून आलो.

त्यानंतर चारेक दिवसांनी मी भुंगा पुरता खोलला. दट्ट्याभोवतीच्या कड्या डिंक लावल्यासारख्या चिकटल्या होत्या. करडईचं तेल तापून थंड झालं की असंच धरतं, हे तेव्हा शिकलो. रॉकेलमध्ये भिजत घातल्या, लाकडाच्या पट्टीनं हळू खरवडल्या, कार्बोरेटरचं भोक केरसुणीच्या काडीनं मोकळं केलं. नवीन काडी काढायला म्हणून खिडकीतल्या केरसुणीकडे गेलो आणि तिथं माझा मापाचा ग्लास दिसला. चहाचा, काठाला टवका उडालेला, ज्याला मी लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती. तळाशी करडईचं तेल थोडं राहिलेलं, वर धूळ. आणि त्याच्या शेजारी, ओळीनं मांडलेल्या, गवताच्या काड्यांच्या पाच जुड्या. प्रत्येकीला वर गाठ. मी सोडून मोजल्या. पाच, पाच, पाच, पाच, पाच. थोड्या अंतरावर एकच काडी, वेगळी ठेवलेली.

 तू पहाटे येऊन पेट्रोलचा एकेक ग्लास रेघेपर्यंत भरून कॅनमध्ये ओतला होतास, प्रत्येक ग्लासाला एक काडी, पाचाला एक गाठ. पंचवीस झाल्यावर वर्षाच्या तेलातला एक ग्लास. कॅन भरेपर्यंत हे किती वेळा केलं असशील देव जाणे, ग्लास तो केवढा आणि कॅन केवढा. ज्याला मशीन बिघडवायचं असतं तो मूठभर माती टाकतो, पाणी ओततो, काम झालं. तो मोजत बसत नाही. तुझं काम घालवणारा, तुझ्या शेळ्यांचा चारा घालवणारा तो भुंगा चालावा म्हणून तू फळीवरची बरणी रिकामी केली होतीस. मला फार लाज वाटली आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी येताना मी ठरवलं होतं की आज बोलायचं. तू ताट वाढलंस. चटणी कोरडी होती. मी मान खाली घालून जेवलो आणि उठलो.

पुढं तूही तो विषय काढला नाहीस. भुंगा मी चालता केला, पण साहेबाचं मन त्यावरून उडालं होतं. तो खोलीत टांगून राहिला आणि बांधावर तुम्हीच राहिलात. मला कायम केलं नाही. हंगाम संपल्यावर मी परभणीत आलो, टेशनाच्या बाजूला एका टपरीत पंप दुरुस्त करायला लागलो. दुकान थोडं मार्गी लागल्यावर तू एकदा एसटीनं आलीस. देवळात यावं तसं चपला बाहेर काढून दुकानात आलीस, स्टुलावर बसायला तयार नाहीस. पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिलीस, नव्या करडईचं तेल. आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणालीस, "हे खायाला हाय. मशिनीत घालू नको." मी हसलो, तूही हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. माय, तू दार उघडून दिलं होतंस. त्याच वेळी मी म्हणायला पाहिजे होतं की मला काड्या सापडल्या होत्या. मी शेजारच्या टपरीवरून तुझ्यासाठी चहा मागवला. तो ग्लास तू दोन्ही हातांनी धरून प्यालीस, आणि दुपारच्या गाडीनं परत गेलीस.

नामांतर झालं त्या सालच्या उन्हाळ्यात तू गेलीस. शेळ्या तेव्हा दोनच राहिल्या होत्या, त्या मावशीनं नेल्या.

आता कालचं. पाथरीकडच्या एका गावात बचत गटाच्या बायकांना गवत कापायची मशीनं मिळाली आहेत. ती कशी वापरायची, काय बिघडलं तर काय बघायचं, हे सांगायला मला अधूनमधून बोलावतात. मी दोरी कशी भरायची ते दाखवतो, दगडाजवळ दोरी का झिजते ते सांगतो, काम संपलं की टाकी रिकामी करून ठेवा म्हणतो. आणि तेलाच्या मापापाशी आलो की गेली कित्येक वर्षं एक गोष्ट सांगतो. एका फार्मवर एक बाई होती, तिनं मशीनमध्ये करडईचं तेल ओतलं आणि साहेबापुढं भजी तळली. हमखास हशा येतो. वासाचा अभिनयही करतो मी. बायका हसल्या की माप कधी विसरत नाहीत, अशी मी मनाची समजूत काढतो. काल पण सगळ्या हसल्या. पुढं बसलेली एक, चाळिशीची असेल, हातावर विळ्याचे जुने व्रण, ती नाही हसली. तिनं विचारलं, "कोन व्हती ओ ती बाई? तिनं कामून घातलं आसंल?"

मी हातातल्या कापडानं प्लग पुसत राहिलो. म्हणालो, "होती एक. अडाणी होती." आणि पुढच्या मशीनकडे वळलो.

काड्यांचं मी कुणालाच सांगत नाही, माय. ते सांगितलं तर गोष्टीला कुणी हसणार नाही, आणि मग ती बाई कोण हेही सांगावं लागेल. त्या पाच जुड्या मी त्याच दिवशी खिडकीतून बाहेर टाकून दिल्या होत्या, तुला दिसू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो होतो; झाडायला आलीस तेव्हा तू खिडकीकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. मी इंजिनात डोकं घालून बसलो होतो.